वॉबॅश खटला (१८८६)

वॉबॅश, सेंट लुइस अँड पॅसिफिक रेल्वे कंपनी विरुद्ध इलिनॉय राज्य या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑक्टोबर १८८६ रोजी दिलेला निकाल. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाच्या रेल्वेभाड्यावर राज्यांना बंधन घालता येणार नाही, तो अधिकार काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, असे त्यात ठरले.

खटल्याचे मूळ रेल्वेच्या दोन मालवाघिणींत आहे. कंपनीने इलिनॉयमधील पिओरियाहून न्यूयॉर्कला २६,००० पौंड माल नेण्याचे ३९ डॉलर घेतले. त्याच राज्यातल्या गिलमनहून तेवढ्याच वजनाच्या, त्याच वर्गातल्या मालाचे मात्र ६५ डॉलर लावले. म्हणजे शंभर पौंडांमागे एकाला १५ सेंट, दुसऱ्याला २५. आणि गिलमन तर न्यूयॉर्कला ८६ मैलांनी जवळ! जिथे अनेक कंपन्यांचे रूळ येऊन मिळत तिथे दर पाडायचे आणि एकाच कंपनीवर विसंबलेल्या गावांकडून ती तूट वसूल करायची, हा तेव्हाच्या रेल्वे कंपन्यांचा शिरस्ताच होता. अशा गावच्या शेतकऱ्याला दुसरी वाट नसे. पीक हाती आले तरी त्यातले पदरी किती पडणार, हे स्टेशनातले दरपत्रक ठरवी.

या लुबाडणुकीविरुद्ध ग्रेंज या शेतकरी संघटनेने (स्थापना १८६७) रान उठवले होते. इलिनॉयने कायदा करून जवळच्या अंतराला लांबच्यापेक्षा जास्त भाडे घेण्यास मनाई केली. धान्यकोठारांच्या दरांवर राज्य मर्यादा घालू शकते, हे ‘मन विरुद्ध इलिनॉय’ (१८७७) या खटल्यात मान्य झाले होते आणि त्याच वेळी रेल्वेच्या दरांबाबतही न्यायालयाने राज्यांची बाजू उचलून धरली होती. त्यामुळे वॉबॅशचा निकाल शेतकऱ्यांच्या जिव्हारी लागणे स्वाभाविक होते.

सहा विरुद्ध तीन अशा बहुमताचा निकाल न्या. सॅम्युएल मिलर यांनी लिहिला. वाटेतल्या प्रत्येक राज्याने आपापला दर लादला तर देशाचा व्यापार अडेल, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. पण त्या घटकेला काँग्रेसचा कोणताच कायदा नव्हता. काँग्रेस गप्प आहे तोवर राज्यांना आपल्या हद्दीत नियमन करू द्यावे, असे न्या. ब्रॅडली यांनी भिन्नमतात मांडले. गिलमनच्या व्यापाऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले तर हेच म्हणणे अधिक न्यायाचे वाटते.

ही पोकळी फार काळ टिकली नाही. इलिनॉयचेच सिनेटर शेल्बी कलम यांच्या समितीने पूर्वतयारी केलेली होती. सव्वातीन महिन्यांत, ४ फेब्रुवारी १८८७ रोजी, राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी आंतरराज्य वाणिज्य कायद्यावर सही केली. दर वाजवी असावेत, ते जाहीर करावेत, असे बंधन आले आणि पाच सदस्यांचा आयोग नेमला गेला. मात्र या आयोगाला स्वतः दर ठरवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १८९७ मध्ये सांगितले. कमाल दर बांधून देण्याचा अधिकार त्याला १९०६ च्या हेपबर्न कायद्याने मिळाला.