स्तनकर्करोगानंतरची हातसूज आणि हातदुखी

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन झाल्यावर त्याच बाजूच्या हाताला येणारी चिवट सूज. वैद्यकात तिला लिम्फेडेमा आणि मराठी परिभाषेत लसिकाशोफ म्हणतात. रुग्ण बायका मात्र 'हात जड झालाय', 'हात भरून आलाय' असेच सांगतात, आणि ते वर्णन नेमके आहे. जडपणा बहुधा डोळ्यांना सूज दिसण्याच्या आधी येतो, आणि त्याच वेळी उपचार सुरू झाले तर हात पुष्कळदा आटोक्यात राहतो. म्हणून 'ऑपरेशन झालंय, एवढं चालायचंच' असे म्हणून ही तक्रार उडवून लावणे घातक आहे.

रोग स्तनाचा असताना हात का सुजावा? रक्तवाहिन्यांतून झिरपलेले पाणी आणि प्रथिने गोळा करून पुन्हा रक्तात पोचवण्याचे काम लसिकावाहिन्या करतात. स्तनाचा आणि हाताचा, दोघांचाही निचरा काखेतल्या लसिकाग्रंथींतून होतो. कर्करोग तिथवर पसरला आहे का हे पाहण्यासाठी किंवा पसरला असेल म्हणून या ग्रंथी काढल्या जातात. रेडिएशनने उरलेल्या वाहिन्या आकसतात. वाट अरुंद झाली की प्रथिनयुक्त द्रव हातात साचतो. पुढे त्या जागी तंतू आणि चरबी वाढते आणि हात टणक होतो. लघवी वाढवून अंगातले पाणी कमी करणाऱ्या गोळ्यांचा इथे उपयोग होत नाही, कारण प्रथिने मागेच राहतात.

अमेरिकेतील बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी एकत्र काढण्याची पद्धत मांडली. ती अनेक दशके चालली आणि सुजलेले हात हा तिचा नित्याचा परिणाम ठरला. १९२१ मध्ये हॉल्स्टेड यांनीच या सुजेवर लिहिले आणि तिला 'शस्त्रक्रियेने झालेला हत्तीरोग' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत डासांमुळे पसरणारा हत्तीरोग लोकांच्या ओळखीचा आहे. दोन्हींत निचरा तुंबतो, पण साम्य तेवढेच. कर्करोगानंतरची सूज डासांमुळे होत नाही, कोणाला लागत नाही आणि हत्तीरोगाच्या गोळ्यांनी जात नाही. शेजारीपाजारी सुजलेल्या हाताकडे संशयाने पाहतात, तेव्हा हे ठासून सांगावे लागते.

१९९० नंतर स्तनाचा निचरा सर्वांत आधी जिथे पोचतो त्या एक-दोन 'पहारेकरी' ग्रंथी आधी तपासायच्या आणि त्यांत रोग नसेल तर बाकीच्या राहू द्यायच्या, ही पद्धत रुळली. काखेतल्या ग्रंथी सरसकट काढल्यास साधारण पाचांपैकी एकीला सूज येते. फक्त पहारेकरी ग्रंथी काढल्यास वीसांपैकी एकीला. काखेवर रेडिएशन, जास्त वजन आणि हाताला वारंवार होणारा जंतुसंसर्ग यांनी धोका वाढतो. सूज बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसते, पण कित्येक वर्षांनीही येऊ शकते.

पहिली खूण कपड्यांत आणि दागिन्यांत सापडते. एरवी बरोबर बसणाऱ्या ब्लाउजची एकच बाही दंडाला काचते, अंगठी निघत नाही, एका हातातल्या बांगड्या साबण लावूनही उतरत नाहीत. दवाखान्यात मोजपट्टीने दोन्ही हातांचा घेर ठराविक ठिकाणी मोजतात. दोन सेंटिमीटरचा फरक पूर्वापार सूज मानला जातो. दोन्ही हात मुळातच सारखे नसतात, त्यामुळे शस्त्रक्रियेआधीच मापे लिहून ठेवलेली बरी. सुरुवातीला बोटाने दाबल्यावर खळगा पडतो. हात टणक झाल्यावर तोही पडेनासा होतो.

दुखणे ही वेगळी गोष्ट आहे. लसिकाशोफात हात ठणकण्यापेक्षा ओढल्यासारखा आणि जड वाटतो. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा, आग किंवा मुंग्या असतील, तर काखेतून जाणारी एक त्वचेची नस शस्त्रक्रियेत दुखावलेली असते. दोरीवर धुणे वाळत घालताना काखेतून कोपरापर्यंत सुतळीसारखी ताठ दोरी उमटते आणि हात पुढे जात नाही, हा प्रकार शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत दिसतो. ताण देण्याच्या व्यायामाने तो बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो. रेडिएशनने छातीचे स्नायू आखडतात आणि खांदा धरतो. पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाच्या डोसानंतर दोन-तीन दिवसांनी अंगभर स्नायू दुखतात आणि काही दिवसांत थांबतात. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या हार्मोनविरोधी गोळ्यांनी सांधे दुखतात, सकाळी बोटे मिटत नाहीत. औषधाची ही दुखणी दोन्ही हातांना होतात. त्यामुळे 'कुठे, कधीपासून, एका हाताला की दोन्ही' हे डॉक्टरांना सांगितले की निदान निम्मे सोपे होते. हात अचानक सुजला किंवा जुनी सूज एकाएकी वाढून दुखू लागली, तर शिरेतली गुठळी आणि कर्करोगाची पुनरावृत्ती या शक्यता आधी तपासाव्या लागतात.

उपचाराचा पाया म्हणजे त्वचेची निगा, हलक्या हाताचा लसिका-मसाज, पट्ट्या बांधणे आणि व्यायाम. हा मसाज डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांनी १९३० च्या दशकात विकसित केला. त्यात त्वचा अगदी हलकेच सरकवतात. तेल लावून रगडणे म्हणजे तो मसाज नव्हे, आणि गरम शेकही टाळावा. पट्ट्या कमी ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या असतात, घरातली क्रेप बँडेज त्यांची जागा घेत नाही. हाताची सूज उतरल्यावर मापाची दाबबाही, म्हणजे हातावर दाब देणारी घट्ट लवचीक बाही, घालायची आणि साधारण सहा महिन्यांनी ती बदलायची. कोकणच्या किंवा मुंबईच्या दमट उन्हाळ्यात ती दिवसभर घालणे किती त्रासाचे असते, हे ती लिहून देणाऱ्याने विसरू नये.

'या हाताने काही उचलायचं नाही' हा सल्ला मात्र आता मागे पडला आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी काहींना वर्षभर हळूहळू वाढवत वजने उचलायला लावली. त्यांची सूज वाढली नाही, उलट ती उफाळण्याचे प्रसंग कमी झाले. सुरुवात जाणकाराच्या देखरेखीखाली, थोड्या वजनाने करावी. कणीक मळणे, पोळ्या लाटणे सोडण्याचे कारण नाही.

खरी धास्ती जंतुसंसर्गाची. विळीचा काप, वांग्याचा काटा, खुरपणीतला ओरखडा, तव्याचा चटका, एवढ्यावरूनही हात लाल होऊन थंडी-ताप भरतो. त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हावे लागते, आणि असा प्रत्येक प्रसंग उरलेल्या वाहिन्यांचे आणखी नुकसान करतो. रक्तदाब मोजणे किंवा सुई टोचणे यांमुळे सूज येते असे अलीकडच्या अभ्यासांत दिसलेले नाही. तरी दुसरा हात मोकळा असल्यास तो पुढे करावा.

सूक्ष्मदर्शकाखाली लसिकावाहिन्या शिरांना जोडण्याच्या आणि चरबी साचलेल्या हातातून ती शोषून काढण्याच्या शस्त्रक्रिया काही केंद्रांत होतात. चरबी काढल्यावरही दाबबाही कायम घालावी लागते. वर्षानुवर्षे सुजलेल्या हातावर क्वचित एक वेगळाच, आक्रमक कर्करोग उद्भवतो, त्याचे वर्णन १९४८ मध्ये प्रथम झाले. जुन्या सुजेवर जांभळट डाग किंवा गाठ दिसली तर ती लगेच दाखवावी.