आजोबांचा जन्म, सन १८९७३

मालवणातल्या एका घराण्याच्या कुलवृत्तांताचं पहिलं प्रूफ आलं, तेव्हा पाऊस असा लागला होता की कागदसुद्धा ओलसर लागत होते. वृत्तांत लिहिणारे तात्या चष्मा कपाळावर चढवून एकेक ओळ बोटाखाली धरून वाचत होते. एकोणिसाव्या पानावर त्यांचं बोट थांबलं आणि ते खो खो हसायला लागले. "मेल्या, ह्यां बघ! आमचो आजो अजून जन्माक येवचो आसा."

पानावर छापलं होतं: जन्म सन १८९७३.

तात्यांच्या वहीत १८९७ होतं आणि त्याच्या खांद्यावर बारीक ३, म्हणजे तिसऱ्या तळटिपेची खूण. मजकूर जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकी संकेतांत, आणताना 'बारीक आणि वर उचललेला' ही सजावट गळून पडली आणि तीन खाली उतरून सालाच्या रांगेत जाऊन बसला. संगणकाच्या लेखी यात काहीच चुकलं नव्हतं. हा आकडा टिपेचा आहे, हे त्याला मुळात कुणी सांगितलंच नव्हतं. ओळीच्या जरा वर काढायचा एक तीन, एवढीच त्याला माहिती.

1, 2, 3 या इंग्रजी आकड्यांसाठी युनिकोडमध्ये अशी वर बसणारी स्वतंत्र चिन्हं आहेत, त्यामुळे ते थोडे तरी सांभाळले जातात. आपल्या आकड्यांना ती सोय नाही. गंमत म्हणजे अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी आकडे युनिकोडमध्ये २००९ सालीच आले, पण ते सामवेदाच्या स्वरांसाठी. आजोबांच्या सालावर सामगानाचा स्वर चढवायची माझी तरी छाती नाही.

या दुखण्यावरचं औषध जुनं आहे. १९६९ साली आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे वकिलांच्या कचेऱ्यांमधले दस्तऐवज संगणकावर कसे सांभाळायचे, या कामात गुंतले होते. त्यांनी ठरवलं की मजकुराचा तुकडा कसा दिसावा हे फाइलमध्ये लिहायचंच नाही; तो काय आहे, तेवढं लिहायचं. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही टीप. दिसण्याचं नंतर, छापताना बघू. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती भाषा जीएमएल झाली. तिच्यातूनच १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि १९९८ साली त्याचं सुटसुटीत रूप, एक्सएमएल. एक्सएमएलमधल्या खुणांची नावं देवनागरीत ठेवली तरी चालतात, हे फार जणांना ठाऊक नसतं. आम्ही कुलवृत्तांतासाठी तशीच ठेवली:

गावची खोती<टीप ओळख="खोती">सारा गोळा करून सरकारात भरण्याचं वतन. १९४९च्या कायद्यानं ते संपलं.</टीप> पणजोबांकडे होती.

हे बघून तात्या बावचळले. "तळटीप ना ती? मगे वर कित्याक?" प्रश्न अगदी रास्त. टीप वाक्याच्या पोटात, ज्या शब्दाबद्दल आहे त्याला चिकटून लिहिली आहे. तिला आकडा नाही, पानाचा पत्ता नाही. आकडा घालायचं काम छपाईच्या वेळी यंत्राचं. ते पहिल्या पानापासून टिपा मोजत येतं आणि प्रत्येकीला नंबर देतं. तात्यांनी पाचव्या पानावर आणखी एक टीप घुसवली, की पुढच्या दोनशे टिपांचे नंबर आपोआप एकेकानं सरकतात. पूर्वी याच एका कारणासाठी माझी अख्खी दुपार जायची. आणि दहा पानांनी पुन्हा खोतीचा उल्लेख आला, तर टीप परत लिहायची नाही. तिथे फक्त 'खोती' या ओळखीकडे बोट दाखवायचं. तांत्रिक पुस्तकांसाठी १९९१पासून घडत गेलेल्या डॉकबुक या खुणांच्या संचातही हीच रीत आहे: टिपेसाठी एक खूण आणि आधीच्या टिपेकडे बोट दाखवण्यासाठी दुसरी. जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकांची टीईआय ही खुणांची पद्धत आणखी एक गोष्ट विचारते. मूळ प्रतीत टीप कुठे होती, तळाशी, समासात की दोन ओळींच्या मधे, तेही नोंदवा म्हणते. पोथ्या हाताळलेल्या माणसाला याचं मोल सांगायला नको.

नंबर हा सोपा भाग. खरी कसरत पान पाडताना होते.

समजा पानावर ३६ ओळी मावतात. तेहतीस ओळी सुरळीत आल्या. चौतिसाव्या ओळीत 'खोती' आली आणि तिची टीप आहे तीन ओळींची. चौतीस अधिक तीन म्हणजे सदतीस, मावत नाही. बरं, ती ओळ पुढच्या पानावर ढकलली, तर तिच्यामागोमाग टीपही जाते आणि या पानावर तीन ओळींची मोकळी जागा राहते. जागा दिसते म्हणून ओळ परत आणली, तर टीपही परत येते आणि पुन्हा मावत नाही. खुणेनं टिपेची जागा ठरते, आणि टिपेच्या लांबीनं खूण कुठल्या पानावर पडणार ते ठरतं. उपाय एकच, टीप मोडायची: दोन ओळी इथे आणि तिसरी पुढच्या पानाच्या तळाशी. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ साली आणलेल्या टेक या पानं जुळवणाऱ्या संगणकप्रणालीत असं मोडण्याची सोय आहे. त्यांचे विद्यार्थी मायकेल प्लास यांनी १९८१च्या प्रबंधात पानं पाडण्याचं गणित मांडलं. आकृत्या आणि त्यांचे उल्लेख शक्य तितके जवळ ठेवायचे म्हटलं, तर काही निकषांखाली सर्वोत्तम मांडणी शोधणं एनपी-कम्प्लीट ठरतं, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे पुस्तक वाढत जाईल तशी नेमकं उत्तर देणारी कुठलीही झटपट रीत आजवर कुणाला सापडलेली नाही.

हे सगळं कंपोझिटर मंडळी हातानं करत होती. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात खंडाखंडानं निघाला. त्यातली पानं उघडून बघा: वर इंग्रजी मजकूर आणि खाली बारीक टायपात संस्कृत वचनांच्या टिपांची दाटी. त्या ओळी खिळाखिळानं जुळवणाऱ्या माणसांना मी मनोमन हात जोडतो.

पडद्यावर आलं की वेगळीच अडचण. वेबपानाला पानच नसतं, तर तळ कुठून आणणार? १९९५च्या एचटीएमएल ३.० या मसुद्यात टिपेसाठी खूण होती, पण तो मसुदाच बारगळला आणि एचटीएमएलला आजतागायत टिपेची स्वतःची खूण नाही. लोक दुव्यावर भागवतात: आकड्यावर टिचकी मारली की खाली, बाणावर मारली की परत वर. ई-पुस्तकांचं बरं आहे. २०११च्या ईपब ३मध्ये 'ही टीप' आणि 'हा टिपेचा आकडा' असं सांगता येतं, मग काही वाचनयंत्रं टीप तिथल्या तिथे छोट्या चौकटीत उघडतात. दृष्टिहीन वाचकांसाठी तर हे सांगणं फारच गरजेचं. नाहीतर वाक्य ऐकता ऐकता मधेच नुसतं "तीन" ऐकू येतं आणि आजोबा पुन्हा एकदा १८९७३ साली जन्मतात.

कुलवृत्तांतातल्या खऱ्या गजाली टिपांमध्येच असतात, हे कोकणात वेगळं सांगायला नको. कोण दत्तक गेला, कोण भांडून मुंबईला गेला, कुणाच्या आंब्याच्या कलमांवरून कोर्टाची पायरी चढावी लागली. दुसऱ्या प्रूफाच्या वेळी तात्या दबक्या आवाजात म्हणाले, "ती कलमांची टीप छापू नको. पण घरच्या प्रतीत ऱ्हवांदे." टिपेला 'घरची' असा एक शब्द जोडला आणि छापील प्रत काढताना तसल्या टिपा गाळायला यंत्राला सांगितलं. नंबर मिटून आले. सत्तेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस, मधे काही होतं याचा मागमूस नाही. तात्या खूष.

तेवढ्यात यंत्रानं चूक दाखवली. पुढे एका टिपेत तात्यांनीच 'कलमांची टीप पाहा' म्हणून बोट दाखवलं होतं, आणि आता त्या बोटासमोर काहीच नव्हतं.

तात्यांनी चष्मा खाली घेतला, बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्येका कोणी सांगल्यान?"