अहिराची वाट: ठाणे खाडी, उल्हास नदी आणि मधली दारं

दर पावसाळ्यात एखादा तरी व्हिडिओ फिरतोच, कुठल्यातरी नाल्यात नाहीतर शेतात हातभर लांब सापासारखं काहीतरी वळवळतंय आणि बघणारे ओरडतायत साप साप, मग कोणीतरी म्हणतं अरे वाम आहे ती. म्हणून आधी नावाचा घोळ मिटवतो. मासळी बाजारात कोळणीकडे मिळते ती वाम समुद्रातली, ती वेगळी. नदीत गळाला लागते ती पाठीवर काटे असलेली वांब, तिचं सगळं आयुष्य गोड्या पाण्यातच जातं, ती खऱ्या ईलच्या कुळातली नाहीच. आणि तिसरा आपला अहिर, हाच खरा गोड्या पाण्यातला ईल. आपल्याकडे त्याच्या दोन जाती, एक अंगावर पिवळट-तपकिरी ठिपक्यांची नक्षी असलेला अँग्विला बेंगालेन्सिस जो दोन मीटरपर्यंत वाढू शकतो, आणि दुसरा एकसारख्या रंगाचा, आखूड परांचा अँग्विला बायकलर.

मी पहिला अहिर बघितला तो पनवेलच्या पुढे, आत्याच्या गावी, गाढी नदीच्या काठावर. आतोबांनी रात्री गळाला धरलेला, बादलीत ठेवला होता आणि वर ताट. सकाळी बघतो तर ताट बाजूला आणि मासा पडवीतून ओल्या अंगणात, शेवाळावरून सरळ गटाराच्या दिशेने निघालेला. मी धरायला गेलो तर हातातून सुळकन निसटला, अंगावर एवढा बुळबुळीत थर की साबण परवडला. आतोबा बघून म्हणाले, "सोर त्याला, दर्यान जायाचा हाय त्याला." तेव्हा मला वाटलं उगाच बोलतायत. पण ते अक्षरशः खरं होतं, आणि अहिर कातडीतूनपण श्वास घेतो म्हणून ओल्या जमिनीवरून बराच वेळ जाऊ शकतो हे मला खूप नंतर कळलं.

आता आगरी-कोळी माणसाला वलगण सांगायला नको. पहिल्या पावसात पाणी लाल झालं की मासे ओढ्यात, शेतात चढतात, चढतात ते अंडी घालायला. अहिराचं बरोब्बर उलटं. तो वर येतो वाढायला, डोहात, दगडांच्या कपारीत कित्येक वर्षं राहतो, रात्री बाहेर पडून खेकडे, बेडूक, लहान मासे खातो आणि मग एका पावसाळ्यात पुराच्या पाण्याबरोबर खाली उतरून समुद्रात जातो, तिथे खोल पाण्यात एकदाच अंडी घालतो आणि मरतो. निघायच्या आधी त्याचे डोळे मोठे होतात, आतडी आकसतात, पुढचा प्रवास साठवलेल्या चरबीवर.

हे कोडं सुटायला माणसाला दोन हजार वर्षं लागली. ॲरिस्टॉटलला वाटायचं ईल चिखलातून जन्मतात, कारण अंडी असलेली मादी कोणालाच सापडत नव्हती. 1876 मध्ये तरुण सिग्मंड फ्रॉइडने, हो तोच मानसशास्त्रवाला, त्रिएस्तेला 400 च्या आसपास ईल फाडून नराचे अवयव सापडतात का ते बघितलं. 1896 ला इटलीत ग्रासी आणि कालांद्रुचिओ यांनी दाखवलं की समुद्रात मिळणारा पानासारखा चपटा पारदर्शक जीव म्हणजे ईलचंच पिल्लू. मग डेन्मार्कच्या योहानेस श्मिटने वर्षानुवर्षं अटलांटिकमध्ये जाळी ओढून, जिथे पिल्लं सगळ्यात छोटी ती जागा गाठत गाठत 1922 मध्ये ईलच्या जन्माची जागा म्हणून सार्गासो समुद्राचं नाव मांडलं. जपानी ईलची अंडी तर थेट 2009 मध्ये मारियाना बेटांच्या जवळ हाती लागली. आपल्या बाजूला बघायचं तर डाना या डॅनिश जहाजाला 1928 ते 1930 च्या फेरीत सुमात्राच्या पश्चिमेला खोल समुद्रात पिल्लं मिळाली होती, एवढ्या लांबचा विषय आहे हा.

इकडे कर्नल साइक्सने 1839 मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिताना या माशाला मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या एल्फिन्स्टनचं नाव दिलं होतं, पण ग्रे नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने 1831 लाच बेंगालेन्सिस नाव देऊन ठेवलेलं असल्यामुळे तेच टिकलं. आणि यात एक गोष्ट मला फार भारी वाटते. घाटापलीकडचा, मुळा-मुठेतला अहिर यायचा तो बंगालच्या उपसागरातून, कृष्णा चढून, मग भीमा चढून, हजार किलोमीटरच्या वर. आपल्या उल्हासचा अहिर मात्र अरबी समुद्रातून, खाडीतून, म्हणजे त्याला समुद्रापासून राजमाचीच्या पायथ्यापर्यंत जेमतेम सव्वाशे किलोमीटर. एवढी सोपी वाट असताना अडचण कुठे झाली?

अडचण झाली दारांची. आपल्या पट्ट्यात खाडीकाठी मिठागरं आणि खारजमिनीची भातशेती होती, बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं आणि उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, पावसाचं पाणी सोडायचं. 1948 चा खारजमिनीचा कायदा या बांधांसाठीच झाला. उघाडीचं कामही खारं पाणी थोपवणं हेच, पण दार लाकडी फळ्यांचं, फटी असायच्या, आणि आजोबा सांगायचे की मासळीसाठी माणसं मुद्दाम थोडं भरतीचं पाणी आत घ्यायची, त्यातूनच तळ्यात जिताड्याची, कोळंबीची पिल्लं यायची. अहिराचं काचेसारखं पारदर्शक, बोटाएवढं पिल्लू त्यातूनच घुसत असणार, असं मला वाटतं.

मग 17 मार्च 1970 ला शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहायला लागली. जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणून डच पद्धतीने होल्डिंग पाँड, म्हणजे पाणी साठवायची तळी केली, त्यांना फ्लॅप गेट. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने गेट उघडतं, भरती आली की बाहेरच्या दाबाने घट्ट बंद. शहर बुडू नये म्हणून हे लागतंच, त्यावर माझा काही आक्षेप नाही. पण ईलचं पिल्लू पोहून नाही येत, ते भरतीच्या पाण्यावर बसून येतं आणि ओहोटीला तळाला चिकटून थांबतं. म्हणजे ज्या वेळी त्याला आत यायचं असतं नेमकं तेव्हाच दार बंद. मी एकदा भरतीच्या वेळी अशा एका गेटपाशी उभा होतो, लोखंडी पत्रा गंजलेला, कडेच्या रबरातून बारीक धार आत येत होती आणि त्या धारेत चार-पाच कोळंबीची पिल्लं उलटी-सुलटी होत होती, तेवढ्याच जागेतून जे काय येईल ते.

नदीत वर गेलं तर वेगळं दार. ब्रिटिश काळातलं उल्हासवरचं बदलापूरचं बॅरेज म्हणजे बंधारा, मोहनेचा बंधारा, बारवी धरण 1972 चं, तिकडे तानसा 1892 पासून. पिल्लू ओल्या खडकावरून, शेवाळावरून चढू शकतं, धबधब्याच्या कडेनेपण चढतं, पण धरणाची उंच कोरडी सिमेंटची भिंत त्याला झेपत नाही, आणि पाण्याची पातळी खाली असली की बंधाऱ्यालाही तेच. गाढीवर देहरंग धरण, धावरीवर मोरबे धरण. उलवे नदीचा तर प्रवाहच विमानतळासाठी वळवला.

आणि पाणी. वालधुनी आणि कासाडी या नद्यांचं काय झालंय ते तिथल्या कोणालाही विचारा. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावर 2015 मध्ये हरित लवादाने 95 कोटींचा दंड लावला होता. ईलच्या बाबतीत याचा त्रास जास्त आहे कारण तो चरबी साठवतो, विषारी द्रव्यं त्या चरबीत वर्षानुवर्षं साचत जातात आणि शेवटच्या उपाशी प्रवासात चरबी वापरली की ती अंगात सुटतात, अंडी तयार होत असतानाच.

बाहेर काय झालं हेही सांगायला हवं. युरोपच्या किनाऱ्याला येणारी तिथल्या ईलची पिल्लं 1980 नंतर 90 टक्क्यांहून जास्त घटली, 2008 पासून ती जात अति-धोक्यात आहे, 2009 पासून तिचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारात आला आणि 2010 च्या शेवटी युरोपने निर्यात बंद केली. जपानी ईल 2014 मध्ये धोक्यातल्या यादीत गेला. पण जेवणाच्या ताटातली मागणी काही थांबली नाही, ती वळली आपल्या बायकलरकडे, इंडोनेशिया-फिलिपिन्समध्ये. आपल्या दोन्ही जाती आज धोक्याच्या उंबरठ्यावर असलेल्या गटात आहेत. पिंजऱ्यात पैदास करून प्रश्न सुटेल असं कोणी म्हणत असेल तर जगभरातलं ईलपालन आजही जवळपास सगळं जंगली पिल्लं पकडूनच चालतं.

ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण ही खाडी नदीचं दारही आहे, हे आराखड्यात यायला पाहिजे. इंग्लंडमध्ये 2009 पासून नियमच आहे की ईलची वाट अडवणाऱ्याने पर्यायी वाट करून द्यायची, तिथे बंधाऱ्याच्या कडेला ब्रशसारखे केस लावलेली ओली उतरण बसवतात, गेटला वेळ लावून भरती सुरू झाल्यावर थोडा वेळ उघडं ठेवतात. न्यूझीलंडला नळ्यांतून दोर सोडतात, मासे त्याला धरून चढतात. आपल्याकडे काथ्याचा जाड दोर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बदलापूरच्या बॅरेजला जुलैमध्ये दोन्ही कडांना पाणी झिरपत असतं, दगड हिरवेगार असतात, तिथे वरपासून खालपर्यंत दोर सोडून आठ-दहा रात्री टॉर्च घेऊन बघायला पाहिजे, कोण चढतंय ते.