मध्ययुगीन मंदिरांवर पीएचडी आणि फेलोशिप: विदर्भातल्या विद्यार्थ्यांसाठी अर्जाची माहिती

मार्कंडा, लोणारचं दैत्यसूदन, लासूरचा आनंदेश्वर, रिद्धपूरची महानुभाव पंथाची स्थानं. मध्ययुगीन धर्मकलेवर संशोधन करायचं तर विदर्भातल्या विद्यार्थ्याला विषयासाठी लांब जायची गरज नाही. अडतं ते पैशावर आणि कागदांवर. त्यातही एक समज पक्का बसलेला दिसतो: पीएचडीला नंबर लागला की फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणारी रक्कम, आपोआप सुरू होते. तसं होत नाही. विद्यापीठातला प्रवेश हा एक अर्ज, फेलोशिप हा दुसरा. दोन्हींच्या तारखा वेगळ्या, छाननी वेगळी.

आधी पात्रता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सूट आहे. चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्क्यांवर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. विषय इतिहास, पुरातत्त्व किंवा दृश्यकला असला तर वाट सरळ. एमए मराठी केलेल्यांनाही महानुभाव स्थानांवर काम करता येईल, पण मार्गदर्शक मराठीचे असतील आणि प्रबंधाचा कल साहित्याकडे झुकेल, हे आधीच धरून चाला. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्वाचा स्वतंत्र विभाग आहे. मूर्ती आणि स्थापत्यावर काम करायचं असेल तर पहिली चौकशी तिथे करावी, असं माझं मत.

आता पैसा. सगळ्यात भक्कम वाट यूजीसीच्या नेट परीक्षेतून मिळणाऱ्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची (जेआरएफ). परीक्षा वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर सत्रात. दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, वेळ तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एमएच्या शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं. जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षं; महिला, ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना पाच वर्षं सवलत. १ जानेवारी २०२३पासूनचा दर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. जेआरएफ हुकली आणि निकालात ‘फक्त पीएचडीसाठी पात्र’ असं आलं, तरी निराश होऊ नका. तो निकाल प्रवेशासाठी एक वर्ष चालतो; नेटच्या गुणांना ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०.

दुसरी वाट राज्याच्या संस्थांची. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था (टीआरटीआय). इथे साधारणपणे पीएचडीची नोंदणी आधी लागते, म्हणून नोंदणीचं पत्र हाती पडलं की जपून ठेवा. जागा आणि अटी दरवर्षी बदलतात, मागच्या वर्षीच्या जाहिरातीवर विसंबू नका. एका वेळी एकच फेलोशिप घेता येते. भारतीय इतिहास संशोधन परिषदेची ज्युनिअर रिसर्च फेलोशिपही आहे. आपल्याकडे तिचं नाव फारसं कुणी घेत नाही.

कागदांचा भाग नीट वाचा, खेड्यातल्या विद्यार्थ्याचं गाडं इथेच रुततं. गुणपत्रिका, टीसी, मायग्रेशन, अधिवास प्रमाणपत्र, आधार जोडलेलं बँक खातं, शिक्षणात खंड असेल तर गॅपचं शपथपत्र, हे आठवड्याभरात जमतं. जात वैधता प्रमाणपत्राला मात्र महिने लागू शकतात. ते नसेल तर जाहिरातीची वाट पाहू नका. त्यासाठी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५० आणि भटके-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीचा. आपल्याकडे आजोबा-पणजोबांची नोंद बहुधा कोतवाल बुकात (गावाच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडते. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज टाका आणि ‘उद्या या’ ऐकायची तयारी ठेवा.

आणखी एक गोम. नेटला ओबीसीचं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, महाराष्ट्राच्या नमुन्यातलं चालत नाही. सेतू केंद्रात अर्ज भरतानाच ‘केंद्र सरकारसाठी’ असं ठणकावून सांगा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का तेही पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जोडावं.

पीएचडीच्या नोंदणीच्या वेळी संशोधनाचा आराखडा द्यावा लागतो. ‘विदर्भातील मध्ययुगीन मंदिरे: एक अभ्यास’ हे शीर्षक समितीत टिकत नाही, टिकूही नये. मार्कंड्याचंच घ्या. वैनगंगेच्या काठावरच्या या मंदिरसमूहाची नोंद ब्रिटिश काळातले पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७०च्या दशकातच केली होती. म्हणजे नुसतं वर्णन करून भागणार नाही. मुख्य मंदिराच्या बाह्यभिंतीवरच्या शैव मूर्तींचा क्रम, किंवा पडझडीनंतर झालेल्या दुरुस्त्यांचे थर, असा एकच प्रश्न धरा. मार्गदर्शक आधी गाठा आणि त्यांच्याकडे जागा आहे का विचारा: प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चारच विद्यार्थी घेता येतात. नोंदणीनंतर किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क आणि एकूण तीन ते सहा वर्षं. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात.

शेवटचं काम परवानग्यांचं. केंद्र-संरक्षित स्मारकात मोजमापं, ट्रायपॉड लावून छायाचित्रं वगैरे करायची असतील तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडे विभागप्रमुखांच्या पत्रासह अर्ज करा. राज्य-संरक्षित असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. मंदिर गावाच्या ताब्यात असेल तर ट्रस्टचं किंवा पंचमंडळींचं लेखी पत्र घ्या, आणि गाभाऱ्यातल्या मूर्तीवर शेंदराचा जाड थर असेल तर तो खरवडायचा नाही. हात कोणते, आयुधं कोणती, जेवढं दिसतं तेवढंच टिपा आणि बाकी ‘शेंदरामुळे अस्पष्ट’ असं लिहा.