एकदाच्या खर्चासाठी घडलेली मदत आणि पुन्हा उद्भवणारा दुर्मीळ कर्करोग : मराठवाड्यातील पार्श्वभूमी

उपचारासाठी पैसा उभा करण्याच्या ज्या वाटा मराठवाड्यात आज रुळलेल्या आहेत, त्या जवळजवळ सगळ्या एका वेळच्या संकटासाठी तयार झाल्या. अपघात, हृदयाची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण अशा प्रसंगी रकमेचा आकडा ठरलेला असतो, तो जमवायचा असतो, आणि तो जमला की प्रश्न निदान पैशापुरता मिटतो. दुर्मीळ प्रकारचा कर्करोग बरा झाला असे वाटत असतानाच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उद्भवतो, तेव्हा मात्र आकडा ठरत नाही आणि शेवटची तारीखही सांगता येत नाही. कुटुंबांची जी ओढाताण होते तिचे मोठे कारण, प्रस्तुत लेखकाच्या मते, मदतीच्या या जडणघडणीत आहे, आणि ती समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते.

1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला. मोठ्या आजाराची वाट त्यामुळे दीर्घकाळ हैदराबादकडे जात असे. तेथे 1955 मध्ये मेहदी नवाज जंग यांच्या नावाने ओळखले जाणारे कर्करोग रुग्णालय सुरू झाले, आणि नांदेड, देगलूर, उमरगा या पट्ट्यातील लोकांना मुंबईपेक्षा हैदराबाद आजही जवळचे वाटते. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासूनचे. 1962 मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले आणि दुर्मीळ कर्करोगाचा संशय आला की संपूर्ण महाराष्ट्रातून रुग्ण पाठवण्याचे तेच ठिकाण झाले. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘घाटी’, 1956 चे असले तरी त्याला जोडलेले स्वतंत्र शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 मध्ये उभे राहिले. मधल्या काळात लातूरचे विवेकानंद रुग्णालय आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे कर्करोग रुग्णालय यांनी बराच भार उचलला. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये बार्शीतच सुरू झाली आणि तिच्या क्षेत्रात मराठवाड्यातील भूम व परंडा हे तालुकेही घेतले गेले, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते.

सरकारी योजना येण्याआधी पैसा कोठून येई? ज्याच्याकडे शेती होती त्याची पहिली धाव मोंढ्यातील, म्हणजे धान्यबाजारातील, आडत्याकडे असे. हंगामात माल आपल्याच आडतीवर घालण्याच्या बोलीवर तो उचल देई. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून उचल घेत आणि ती पुढच्या हंगामाच्या मजुरीतून फेडत. मग दागिने गहाण, मग एखादा एकर गहाण, आणि सर्वांत शेवटी विक्री, असा क्रम बहुतेक घरांत ठरलेला असे. भिशी, पतसंस्था आणि पुढे महिलांचे बचत गट हे त्याच क्रमात मधेमधे बसले. गावची वर्गणी हा वेगळा प्रकार होता. हरिनाम सप्ताहासाठी घरटी वर्गणी गोळा करण्याची सवय गावाला होतीच. त्याच सवयीने एखाद्या घरावर आजाराचे संकट आले की चार प्रतिष्ठित माणसे वही घेऊन फिरत, शाळेतील शिक्षक एका दिवसाचा पगार देत, मुंबई-पुण्यात नोकरीला असलेले गावकरी जास्त रक्कम लिहीत.

या सर्व प्रकारांत परतफेडीचा किंवा निदान पूर्ततेचा एक काळ गृहीत धरलेला होता. आडत्याची उचल एका हंगामाची, मुकादमाची एका गाळपाची, वर्गणी एका प्रसंगाची. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेली उचल फिटण्यापूर्वीच आजार परत आला, तर त्याच दारात पुन्हा उभे राहता येत नाही, आणि गेले तरी व्याज वाढलेले असते. वर्गणीबाबत तर गावाने उघड नकार दिला असे क्वचितच घडते. वही फिरते, पण तिच्यातले आकडे लहान झालेले असतात. याला गावाचा कोरडेपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण सलग दुष्काळ पाहिलेल्या गावात देणाऱ्याचीच ऐपत एका वर्षातून दुसऱ्या वर्षात टिकत नाही.

मुंबईला गेलेल्यांसाठी आणखी एक जग होते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी राहण्याची सोय होई. कर्करोगासाठीच काम करणाऱ्या संस्थांपैकी भारतीय कर्करोग संस्था 1951 ची. रुग्णालयातील समाजसेवा विभाग धर्मादाय न्यासांच्या नावे पत्रे देत असे आणि नातेवाईक ती घेऊन कार्यालये पालथी घालीत. पाच-पाच, दहा-दहा हजार जोडत रक्कम उभी करण्याची ही पद्धत अजूनही चालू आहे. तिचे तोटे उघड आहेत, पण एक गुणही आहे : समाजसेवा विभागाकडे रुग्णाची फाइल राहते, त्यामुळे आजार उलटल्यावर सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना 1997 ची. ती सुरुवातीस मोजक्या गंभीर आजारांपुरती होती. मोठा बदल 2 जुलै 2012 रोजी झाला. त्या दिवशी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यांत मराठवाड्यातील एकटा नांदेड होता. उरलेल्या जिल्ह्यांना नोव्हेंबर 2013 पर्यंत थांबावे लागले. कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचे संरक्षण होते आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची अट होती. पांढरी शिधापत्रिका असलेला शेतकरी तिच्याबाहेर राहिला. पुढे शेतकरी आत्महत्यांनी ग्रस्त अशा चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या पत्रिकेच्या शेतकऱ्यांना सामावून घेतले गेले, आणि त्या यादीत मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. 2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, 2020 पासून दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या आणि 2024 मध्ये वार्षिक मर्यादा पाच लाखांवर नेऊन ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू झाली.

पुन्हा उद्भवलेल्या कर्करोगाच्या दृष्टीने या योजनेचे एक वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. मर्यादा वार्षिक असल्यामुळे ती दरवर्षी नव्याने मिळते. एकदाच्या मदतीत न मोडणारी ही जवळपास एकमेव मोठी सोय म्हणावी लागेल. अडचण दुसऱ्या टोकाला आहे. योजना पॅकेजवर चालते. ठरलेली शस्त्रक्रिया, ठरलेल्या केमोथेरपीचे चक्र, ठरलेले किरणोपचार यांचे दर तिच्यात लावलेले असतात, आणि ही यादी साहजिकच सर्रास आढळणारे कर्करोग डोळ्यांसमोर ठेवून बनते. युरोपात वर्षाला एक लाख लोकसंख्येमागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण आढळणाऱ्या कर्करोगाला दुर्मीळ म्हणतात. सार्कोमाचे, म्हणजे हाडे, स्नायू, चरबी अशा ऊतींतील कर्करोगाचे, अनेक उपप्रकार, जठर किंवा आतड्याच्या भिंतीतला जिस्ट, संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींतून होणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन गाठी यांत येतात. पहिल्या खेपेची शस्त्रक्रिया पॅकेजमध्ये बसते. दुसऱ्या खेपेला लागणारे लक्ष्यवेधी औषध, जनुकीय तपासणी किंवा वारंवारचे पेट स्कॅन यांचा खर्च बऱ्याचदा घरावर येतो.

औषधांच्या किमतीची कहाणी जिस्टच्या उदाहरणातून चांगली कळते. त्यावरील इमॅटिनिब हे औषध मूळ कंपनीच्या दराने महिन्याला सुमारे 1 लाख 20 हजार रुपयांना पडे, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळे. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस या मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त औषध टिकले. त्या खटल्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था पक्षकार होती. 2019 मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने 42 कर्करोग औषधांवरील व्यापारी नफ्याला 30 टक्क्यांची मर्यादा घातली. तरीही इमॅटिनिबला गाठ दाद देईनाशी झाली की सुनिटिनिब, त्यानंतर रेगोराफेनिब असा क्रम लागतो, आणि प्रत्येक पायरीवर खर्चाचे नवे अंदाजपत्रक घेऊन नव्याने मदत शोधावी लागते.

केंद्राकडील मदतीत 1948 चा पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि 1997 चा राष्ट्रीय आरोग्य निधी हे प्रमुख; दुसऱ्यातच 2009 पासून कर्करोग रुग्णांसाठी वेगळी तरतूद झाली. राष्ट्रीय आरोग्य निधीचे साहाय्य मात्र नियमानेच ‘एकवेळचे अनुदान’ म्हणून रुग्णालयाकडे जाते. 2021 चे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण जाहीर झाले तेव्हा दुर्मीळ कर्करोगाच्या कुटुंबांच्या आशा पल्लवित झाल्या. त्या धोरणाची यादी मुख्यतः आनुवंशिक विकारांची आहे, त्यामुळे सार्कोमाचा रुग्ण तिच्यात बसत नाही. गंमत अशी की लोकवर्गणीसाठी शासकीय संकेतस्थळ उभारण्याची कल्पना त्याच धोरणात आहे. म्हणजे गावच्या वहीचे तत्त्व शासनानेही मान्य केले, पण ते आजारांच्या ठरावीक गटापुरते.

धर्मादाय रुग्णालयांतील सवलत हा मार्ग याहून जुना, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनंतरच त्याला धार आली. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक खालील या रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आणि बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असे ठरले. उत्पन्नाची मर्यादा आता अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार रुपये आहे.

ऑनलाइन लोकवर्गणीची भारतीय व्यासपीठे 2010 नंतरची : मिलाप 2010 चे, केटो 2012 चे. 2016 मध्ये यूपीआय आले आणि वर्गणीची वही मोबाइलमध्ये गेली. मराठवाड्यात मात्र व्यासपीठांपेक्षा दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप, शिक्षकांचा ग्रुप, गावाचा ग्रुप यांतून थेट खात्यावर पैसे पाठवण्याकडे कल दिसतो, कारण आवाहन करणारा माणूस ओळखीचा असतो. त्यात दलाली नाही, वेळ जात नाही. पण हिशेब कोणाकडे नसतो आणि दुसऱ्या आवाहनाच्या वेळी हीच उणीव आडवी येते. व्यासपीठांवर रक्कम सहसा थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते आणि जमलेला आकडा सर्वांना दिसतो. त्यांचा दोष वेगळा आहे : आजारी मुलाचा रडवेला फोटो जितका मोठा तितकी देणगी जास्त, हा हिशेब तेथे चालतो. आजार परतला की त्याच कुटुंबाला त्याच मुलाचा आणखी केविलवाणा फोटो द्यावा लागतो, हे मला अशोभनीय वाटते. ज्या कुटुंबांनी पहिल्या वेळचे बिल, शासकीय योजनेतून मिटलेला भाग आणि उरलेली रक्कम असा हिशेब दात्यांपुढे ठेवला, त्यांचे दुसरे आवाहन तितके ओशाळवाणे राहत नाही.

रेल्वेभाडे सोडले तर उपचाराबाहेरचा खर्च कोणत्याही योजनेत दिसत नाही. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या शयनयान वर्गात भाडे माफ असते आणि सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते, त्यामुळे देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसने मुंबई गाठणे तरी झेपते. पण मुंबईतले आठवडे, बुडालेली मजुरी आणि घरी पडून राहिलेले शेत यांची नोंद कोणत्याच अर्जात होत नाही. आजार उद्भवल्यावर नवे अंदाजपत्रक, मुदत संपलेला उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिकेतील नावांची दुरुस्ती आणि आधीच्या मदतीचा तपशील हे सगळे पुन्हा जमवावे लागते, आणि त्यातील तहसीलची फेरी बहुधा रुग्णाचा भाऊ किंवा मुलगा कामाचा दिवस मोडून करतो.