केळी संशोधन, मराठवाड्यातील

केळी संशोधन, मराठवाड्यातील : केळीच्या जाती, लागवड, पाणी, अन्नद्रव्ये आणि रोग-किडी यांच्या शास्त्रीय अभ्यासाची मराठवाड्याशी निगडित शाखा. या विभागातील केळीचा मुख्य पट्टा नांदेड, हिंगोली आणि परभणी जिल्ह्यांत आहे. त्यातही अर्धापूर, मुदखेड आणि वसमत ही नावे व्यापाऱ्यांच्या तोंडी अधिक असतात. पूर्णेवरील येलदरी-सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरील इसापूर या धरणांच्या कालव्यांवर हा पट्टा पोसला गेला. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाचे (आताचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) केळी संशोधन केंद्र नांदेडला आहे. राष्ट्रीय पातळीवरचे काम तिरुचिरापल्ली येथील राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात १९९३ पासून चालते.

खाण्याच्या केळीला बी धरत नाही. हीच तिच्या संशोधनातली मूळ अडचण आहे. बहुतेक लागवडीच्या जाती त्रिगुणित आहेत, म्हणजे त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असतात, आणि म्हणून बी तयार होत नाही; फळ मात्र परागीकरणाशिवायच भरते. ज्वारी किंवा कापसात दोन जातींचा संकर करून काही वर्षांत नवा वाण आणता येतो. केळीत तोच उद्योग दशकानुदशके चालतो. म्युझा अक्युमिनाटा (ए) आणि म्युझा बाल्बिसियाना (बी) या दोन रानटी जातींपासून आजची बहुतेक केळी आली. सिमंड्स आणि शेपर्ड यांनी १९५५ मध्ये झाडाच्या पंधरा लक्षणांना प्रत्येकी १ ते ५ गुण देऊन त्यांचे गट पाडले. कॅव्हेंडिश गटातील बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या जाती एएए, म्हणजे तिन्ही संच ‘ए’चे. कोकणातली राजेळी एएबी. राजेळीसारख्या शिजवून किंवा सुकवून खायच्या पिठूळ केळ्यांना जगात ‘प्लँटेन’ हे वेगळे नाव आणि वेगळा संशोधनविभाग आहे. मराठीत ही आणि पिकवून खायची, दोन्हींना केळच म्हणतात. मराठवाड्याच्या बागा मात्र जवळपास पूर्णपणे कॅव्हेंडिश गटावर उभ्या आहेत. केळीचा जनुकीय आराखडा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या पट्ट्याची स्वतःची ओळख म्हणजे अर्धापुरी. ती बसराईच्याच कुळातली, ठेंगण्या खोडाची निवड आहे. बुटके खोड हा येथे मोठा गुण ठरतो, कारण मे महिन्यातल्या वादळात घड लगडलेले उंच झाड प्रथम मोडते. ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेल्या रोपांची) ग्रँड नैन आल्यापासून बागा एकसारख्या वाढतात आणि काढणी थोड्या दिवसांत उरकते, हे खरे. तरीही स्थानिक निवडी टिकवून ठेवणे तितकेच निकडीचे आहे, कारण एकाच झाडाच्या प्रती असलेल्या बागेत एका झाडाला जडणारा रोग सगळ्यांनाच जडू शकतो.

मराठवाड्यातला खरा पेच हवामानाचा आहे. केळीला वर्षाकाठी सुमारे १,८०० ते २,२०० मिलिमीटर पाणी लागते. पाऊस त्याच्या निम्माही पडत नाही. तापमान १० अंशांच्या आसपास उतरले की वाढ थांबते, नवी पाने अडकून बसतात आणि निसवण, म्हणजे घड बाहेर पडणे, लांबते. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर गेला की पानांच्या कडा करपतात, घडाची उन्हाकडची बाजू भाजते आणि दांडा सुकून मोडतो. म्हणून लागवडीची वेळ हा येथल्या प्रयोगांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. जूनमध्ये मुनव्यांनी (बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांनी) लावलेल्या मृगबागेची निसवण नऊ-दहा महिन्यांनी, म्हणजे ऐन मार्च-एप्रिलच्या झळांत येते. ऑक्टोबरातल्या कांदेबागेची निसवण पावसाळ्यात होते, पण तिचे कोवळे रोप आधी थंडीतून आणि मग उन्हाळ्यातून जाते. कोणतीही तारीख घेतली तरी एक संकट पदरात पडतेच. प्रयोगाने ठरवायचे ते कोणते संकट सोसण्याजोगे आहे एवढेच. बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताचे वारारोधक कुंपण, दांड्यावर वाळलेल्या पानांचे झाकण, खोडाशी पाचटाचे आच्छादन आणि ठिबकमधून विद्राव्य खते हे उपाय त्यातूनच रुळले आहेत. कालव्याच्या पाटपाण्याचा दुसरा त्रासही आहे. खोल काळ्या जमिनीत निचरा कमी, त्यामुळे मुळे गुदमरतात आणि क्षार वर येतात. चुनखडीच्या जमिनीत लोह व जस्त मिळत नाही, आणि नवी पाने पिवळी पडतात.

रोगांत करपा (सिगाटोका, फिजी बेटांतल्या खोऱ्यावरून पडलेले नाव), मावा पसरवतो तो हरण्या आणि पर्णगुच्छ हे मुख्य. हरण्याचा विषाणू काकडीवर्गीय वेली, टोमॅटो आणि मिरचीवरही राहतो, म्हणून केळीत ही आंतरपिके टाळावीत. या पट्ट्यात आणखी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यायला हवी : वसमत-अर्धापूर भागात हळद हे दुसरे मोठे पीक आहे, आणि मुळे पोखरणारी सूत्रकृमी केळी व हळद दोन्हींवर जगते. हळदीच्या रानातच पुढे केळी लावली की सूत्रकृमीला आयता आसरा मिळतो. फेरपालट ठरवताना हे नाते पाहिले जाते.

जगभरच्या संशोधनाचा भर सध्या मर रोगाच्या फ्युजेरियम बुरशीच्या टीआर-४ (ट्रॉपिकल रेस ४) या वंशावर आहे. याच बुरशीच्या पहिल्या वंशाने गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रोस मिशेल ही जात व्यापारातून जवळपास हद्दपार केली, तेव्हा कॅव्हेंडिश पुढे आली. टीआर-४ कॅव्हेंडिशलाही मारतो. भारतात तो बिहार, उत्तर प्रदेश आणि गुजरातेत आढळला आहे. बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत दशके तग धरतात आणि एकदा आल्यावर औषधाने ती जमीन साफ होत नाही. तैवानमध्ये ऊतिसंवर्धनातून निपजलेल्या वेगळ्या रोपांतून सहनशील निवडी मिळाल्या; रानटी केळीचे प्रतिकारक जनुक बसवलेल्या कॅव्हेंडिशला ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये मान्यता दिली. बाधित भागातून आणलेले मुनवे आणि ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेली माती या दोन वाटांनी बुरशी नव्या बागेत पोचते. त्यामुळे मुनवे कोणत्या बागेतले आहेत आणि रोपवाटिकेची रोपे तपासलेली आहेत का, याची चौकशी लागवडीआधीच करावी लागते.