स्टेंट ग्राफ्टनंतरची खुली शस्त्रक्रिया

महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) फुग्यात जांघेतून बसवलेला स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीची कापडी नळी, गळू लागला, सरकला किंवा त्याला जंतुसंसर्ग झाला, आणि कॅथेटरचे (रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीचे) उपाय हरले, की पोट किंवा छाती उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया. छातीतील महाधमनीत असा ग्राफ्ट 1987 मध्ये खारकिव्हला निकोलाय व्होलोदोस यांनी बसवला, पोटातील फुग्यासाठी 1990 मध्ये ब्वेनोस आयरेसला हुआन पारोदी यांनी.

गळतीचे पाच प्रकार मानतात. दुसऱ्या प्रकारात कमरेच्या बारीक धमन्यांतून रक्त उलटे फुग्यात येते. फुगा वाढत नसेल तर नुसते लक्ष ठेवले तरी चालते. पहिल्या (ग्राफ्टच्या टोकाशी गळती) व तिसऱ्या (ग्राफ्टचे सांधे सुटणे किंवा कापड फाटणे) प्रकारात थेट महाधमनीचा दाब फुग्यावर येतो, तिथे थांबणे म्हणजे फुटण्याची वाट पाहणे.

अवघड काम वरच्या टोकाला असते. मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या वर अनेक ग्राफ्टचे काटे महाधमनीच्या भिंतीत रुतलेले असतात. ओढले तर भिंतच फाटते. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. 20 मिलीच्या सिरिंजचे टोक कापायचे, ग्राफ्टचा कापलेला भाग तिच्या नळीत घ्यायचा आणि नळी हलकेच फिरवत वर सरकवायची. काटे आत दबून सुटतात. जाळी नितिनॉलची (निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची) असेल तर बर्फगार सलाइन ओतल्यावर ती मऊ पडते. हे सगळे महाधमनीला डायाफ्रामजवळ (छाती व पोटामधल्या पडद्याजवळ) क्लॅम्प, म्हणजे चिमटा, लावून चालते, म्हणजे तोवर आतडी, यकृत आणि मूत्रपिंडे रक्ताविना. वरचा भाग घट्ट असेल आणि संसर्ग नसेल, तर तो तसाच ठेवून नवी डेक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी त्यालाच शिवणे शहाणपणाचे.

संसर्गात ही सवलत नाही. सगळा ग्राफ्ट आणि कुजलेली ऊती काढावीच लागते. मग रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकात भिजवलेली नळी, मांडीची खोल शीर किंवा काखेतून जांघेपर्यंत बायपास. आतड्याला भोक पडून महाधमनीचे रक्त त्यात उतरत असेल तर रक्ताची उलटी हे पहिले लक्षण असू शकते.

मुंबईत, परळच्या केईएमसारख्या रुग्णालयात, कोकणातून आणि घाटावरून रुग्ण येतात. पहिल्या महिन्यात सीटी, पुढे दरवर्षी तपासणी असा नेम सांगितलेला असतो. पण दुखत नाही तर मुंबईची खेप कशाला, असे घरचे म्हणतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, पण वाढणारा फुगा बहुधा दुखत नाही, म्हणून न दुखणे ही खात्री नव्हे. स्टेंट ग्राफ्ट आणि खुली शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या ब्रिटनच्या ईव्हीएआर-1 चाचणीत आठ वर्षांनंतर फुग्याने होणारे मृत्यू स्टेंट ग्राफ्टवाल्यांतच जास्त आढळले, मुख्यतः फुगा नंतर फुटल्याने. फुटल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका आधी ठरवून केलेल्यापेक्षा कितीतरी अधिक. अशा रुग्णाच्या पिशवीत सर्जन आधी जुना केसपेपर शोधतो: त्यावर चिकटवलेल्या स्टिकरवर ग्राफ्टचे मॉडेल आणि माप असते, आणि काटे आहेत की नाहीत ते त्यावरून कळते.